आबांचं मुकं दार

देवपूर, धुळे
२ मे २०२४

चि. हितू,

पत्र बघून हसू नको. हसलास तरी चालेल म्हणा, तुझा धंदाच तो आहे.

फोन असताना ही अक्का कागद का काळे करते, असं तुला वाटेल. त्या मुलाखतीत तू सांगितलंस ना, की माझी बहीण मला मोबाइलवर बोलून निरोप पाठवते आणि ते ऐकून ऐकून मी निम्मे जोक लिहितो. समोरची मंडळी हसली. मीही हसले, माझ्या भाविकासमोर दुसरं काय करणार? पोरगी आता कॉलेजात आहे, तिला सगळं कळतं. तेव्हाच ठरवलं, ह्याला आपला आवाज पाठवायचा नाही. आता कागदाची नक्कल करून दाखव.

आबांची गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं आणि तू त्याच संध्याकाळी मुंबईला निघालास. घाईत एक बोलायचं राहून गेलं. तुझा पिक्चर मंजूर झाल्याचा फोन तुला आपल्या ओट्यावरच आला होता. तू फोन ठेवून माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा हसावं की नाही हे तुझ्या तोंडाला ठरवता येत नव्हतं. मला कळलं होतं. सुतकात अभिनंदन कसं करणार? आता करते. स्वतः लिहिलेला पिक्चर आणि त्यात स्वतःच मोठं काम! नरडाण्याच्या कंपनीत सुपरवायझरची नक्कल करून नोकरी घालवून बसलेल्या पोरासाठी हे काही थोडं नाही. आबांना कळलं असतं तर त्यांनी खांबावर चढून गावाला ओरडून सांगितलं असतं. आयुष्यभर वायरमन होते, त्यांना उंचावरूनच बोलायची सवय.

माय बरी आहे. सोनगीर सोडून माझ्याकडे धुळ्याला यायला तयार नाही, म्हणून मीच एक दिवसाआड जाऊन येते. ती सकाळी भाकरी खाते, संध्याकाळी खिचडी. शेजारची भिकुबाई रात्री सोबतीला झोपते. तुझं जेवण बाहेरचं असतं का, ते माय विचारत होती.

एकच आहे. ती अजून रडलेली नाही. यंदा ऊन फार होतं, माणूस आतून सुकून जातं. मी तरी स्वतःला असंच सांगते.

तुझी अक्का,
हेमलता


देवपूर, धुळे
२१ जुलै २०२४

चि. हितू,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या मॅनेजरबाईचं. ‘मावशींना चांगल्या काउन्सेलरकडे न्या, सर सगळं बघून घेतील.’ नेलं होतं. देवपुरातच एक बाई आहेत, स्वभावानं चांगल्या. त्यांनी मायला विचारलं, मनात काय आहे ते बोला. माय म्हणाली, “बोलानं नही शे व बाय. रडानं शे.” त्या म्हणाल्या, मग रडा ना, इथं मोकळेपणी रडा. मायनं इकडेतिकडे पाहिलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुंडीतलं झाड. तिथं कुणाच्या दारावर रडणार ती?

मागच्या पत्रात मी उन्हाचं लिहिलं. ते खोटं होतं. खरं लिहायची हिंमत झाली नव्हती, आज लिहिते.

तिसऱ्या दिवशी आबांच्या दारावर बाया आल्या, आठवतं? आपल्याकडे दारावर कसं येतात ते तुला मी सांगायला नको, तू मायचा पदर धरून गावोगावच्या दारांवर गेलेला पोरगा. बाया कोपऱ्यावर जमतात, तिथूनच रडत येतात, घरातली बाई उंबऱ्याशी उठून त्यांच्या गळ्यात पडते आणि मग मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या रडण्यात निघतं. चांगलं निघतं, वाईटही निघतं. कुणी कुणाला उपाशी ठेवलं, कुणी कुणाच्या लग्नात मानाचं लुगडं दिलं नाही, तेसुद्धा. आणि आपली माय म्हणजे ह्या पाच गावांत रडणाऱ्यांची पुढारी. बेबाबाई दारावर आली म्हणजे गेलेल्या माणसाचा मान झाला, असं लोक म्हणायचे.

त्या दिवशी बाया कोपऱ्यावरून रडत निघाल्या. मी आतून ऐकलं. मायनं पदर सावरला आणि उठून उंबऱ्याशी आली. तिचं तोंड उघडलं होतं, हितू. आणि तेवढ्यात समोरचा आवाज बसला. आधी पुढच्या दोघी गप्प झाल्या, मग त्यांच्या मागच्या, मग सगळ्याच. नळाचं पाणी जावं तसं झालं. बाया आल्या, तोंडाला पदर लावून बसल्या आणि मुकाट्यानं उठून गेल्या. माय तशीच उभी राहिली.

भिकुबाईनं मला नंतर सांगितलं. तू ओट्यावर बसला होतास, भिंतीला टेकून, एकटक त्यांच्याकडे बघत. त्यांना वाटलं, हितू दखी ऱ्हायना. आता आपलं रडणं मुंबईला जाईल.

तू नक्कल करायला बघत नव्हतास. तू खरंच रडत होतास, मी तुझे डोळे पाहिले होते. पण त्यांना कसं कळणार? तू त्यांच्यासमोर इतक्यांदा खोटं रडला आहेस की खरं रडताना तुला वेगळं काही करता आलं नाही.

मी चिडून लिहीत नाही. चिडूनच लिहिते आहे. काय फरक पडतो?

तुझी ती जळलेल्या डीपीची गंमत मी पहिल्यांदा जळगावला पाहिली, कॉलेजच्या हॉलमध्ये. गावच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी जळते, तीन दिवस वीज नसते आणि डोक्यावर पदर घेऊन मावशी डीपीच्या दारावर रडायला निघते. “अशी कशी गई व मन्ही तीन फेजनी बाय, तुन्हा बिगर मोटर मुकी व्हयनी व!” मी हसता हसता खुर्चीवरून घसरले. आबा तर शेजारच्याला सांगत होते, “डीपी मन्ही शे, रडनं मन्ही बायकोनं शे, पोऱ्या दोन्हीसना शे.” खरंच होतं. तू बाहेरून काही आणलंच नव्हतंस, घरचंच वाढलंस. आणि त्या दिवशी मायसुद्धा हसली. म्हणाली, मन्हा हात असा नही हालत, जरा बराबर कर. तिनंच तुला हात कसा हलवायचा ते दाखवलं.

मग तो व्हिडिओ सगळीकडे गेला. टीव्हीवाल्यांनी तुला लुगडं नेसवलं. दर आठवड्याला मावशी कशावर तरी रडायची. गॅसच्या टाकीवर रडली, निवडणुकीत पडलेल्या उमेदवारावर रडली, क्रिकेटच्या टीमवर रडली. तुझं घर झालं, गाडी झाली, आम्हाला आनंदच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

इकडे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. नरडाण्याला मायच्या मावसबहिणीच्या दारावर आम्ही गेलो होतो. मायनं सूर लावला आणि दारातल्या दोन पोरी पदरात तोंड खुपसून हसल्या. त्या वाईट नव्हत्या रे, त्यांना आवरलंच नाही. एकीनं मोबाइल काढला. माय मधेच थांबली. परत येताना रिक्षात म्हणाली, “बठ्ठा माले दखतस आन तुले आयकतस.” सगळे बघतात तिला आणि ऐकतात तुला. तुले म्हणजे तुला, हितूला. ती माझ्याशी बोलत नव्हती.

त्यानंतर ती कुणाच्याच दारावर गेली नाही. आबा गेले तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

म्हणून हे पत्र. तू मागच्या वेळी म्हणालास, अक्का, आता मी मावशी बंद करतोय, हा पिक्चर गंभीर आहे, आपल्या मायवरच आहे. दारावर रडणाऱ्या बाईची गोष्ट. हितू, गंमत असो की गंभीर, तिचं रडणं त्यात घालू नको. बाकी सगळं घे. आबा घे, मी घे, माझा नवरा घे, तो तर आयता विनोदी आहे. फक्त तेवढं सोड. ते तिला परत मिळालं तर ती आबांवर रडेल आणि मोकळी होईल. नाहीतर ती अशीच बसून राहील, आणि मला ते बघवत नाही.

तुझी अक्का


सोनगीर
१७ नोव्हेंबर २०२४

हितू,

तू पाठवलेली नटी येऊन गेली.

आम्हाला आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं. दारात पांढरी गाडी थांबली तेव्हा मायला वाटलं, तूच आलास. ती उठून चूल पेटवायला गेली. शेव आणून ठेवलेलीच असते तुझ्यासाठी. गाडीतून ही बाई उतरली, मागून एक पोरगी वही आणि कॅमेरा घेऊन. ‘आम्ही मावशींकडून रडणं शिकायला आलोय, सरांनी स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, पण ते फील यायला पाहिजे.’

तुझ्या पिक्चरमधलं सोनगीर वाईला उभं केलंय म्हणे. इथं खानदेश खानदेशासारखा दिसत नाही, असं तुझ्या दिग्दर्शकाचं मत पडलं. असो. सोनगीरचा किल्ला उचलून नेता आला नाही, म्हणून मायला न्यायला आले असतील.

नटी वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू? चपला बाहेर काढल्या, मायच्या पाया पडली. शेवभाजीचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं तरी ताट पुसून खाल्लं. मग मायसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “मावशी, एकदा रडून दाखवा ना.”

माय म्हणाली, “कोनी मरनं का तुन्हं?”

“नाही मावशी. देवाच्या कृपेनं सगळे आहेत.”

“मंग कसाले रडस?”

नटीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिचं कामच आहे ते, माय. हितूनं लिहिलंय, हिला करायचंय. मायनं नटीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता ही उठून जाईल. पण लेकानं पाठवलेली बाई रिकाम्या हाती कशी जाऊ द्यायची, असं तिला वाटलं असणार. कधी कुणाला चहाशिवाय पाठवलं नाही तिनं. तिनं पदर डोक्यावरून पुढे घेतला, उजवा हात उचलला आणि तोंड उघडलं.

आवाज आला नाही, हितू.

पुन्हा केलं. गळ्याची शीर दिसत होती. नुसती हवा आली. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माय रागावलेली पाहिलीय, भुकेली पाहिलीय, आबांच्या डोक्याशी बसलेली पाहिलीय. घाबरलेली कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती घाबरली.

नटीच्या लक्षात आलं. तिनं त्या पोरीला कॅमेरा बंद करायला सांगितलं, मायचा हात धरून बसली आणि थोड्या वेळानं गाडीत बसून निघून गेली. जाताना मला म्हणाली, “ताई, मी सरांना सांगते, हा सीन नको म्हणून.” सांगितलं का तिनं? सांगितलं असेल. तू ऐकलं नाहीस, एवढं मला नक्की माहीत आहे. कारण मागच्या महिन्यात तू माझ्याशी फोनवर बोललास, तेव्हाच म्हणाला होतास, “अक्का, तो सीन काढला तर पिक्चरमध्ये उरतं काय? आणि पिक्चर पडला तर मला कोण विचारतं? परत लुगडं नेसून टीव्हीवर जाऊ? मला दुसरं काही येत नाही.”

ते ऐकून मला तुझी दया आली. ते तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, मी रागात फोन ठेवला. तुझंही दार मुकंच आहे की रे. पण मला तुम्हा दोघांतून एकाला धरायचं झालं तर मी मायला धरेन. तू तरुण आहेस.

एकटा ये. मॅनेजर नको, गाडीवाला नको. तिच्यासमोर बस आणि आबांवर रड. तुझ्या आवाजात, मावशीच्या नाही. कदाचित तुझं ऐकून तिचं सुटेल. एवढंच मागते, दुसरं काही नको.

अक्का


सोनगीर
६ एप्रिल २०२५

हितू,

आबांचं वर्षश्राद्ध झालं. तू आला नाहीस. डबिंग होतं, कळलं. मॅनेजरबाईंनी फुलांचा हार पाठवला, धुळ्याहून एक पोरगा मोटरसायकलवर घेऊन आला. त्यावर तुझ्या कंपनीची चिठ्ठी होती. ती काढून टाकली आणि हार घातला.

लोकांनी मात्र तुझं कौतुक केलं. जेवायला बसलेली माणसं मोबाइलवर तुझं पोस्टर बघत होती. ‘लेखक हितेंद्र, मुख्य भूमिका हितेंद्र.’ अभिमन काका म्हणाले, लोटनभाऊनं खांबावर जन्म काढला, पोरगा पोस्टरवर चढला. चांगलं बोलले. मी त्यांना आणखी एक जिलबी वाढली.

दुसरं काही लिहिणार नव्हते. पण एक गोष्ट तुला माहीत असायला हवी.

मागच्या गल्लीतली मंजुळाबाई गेली. आपल्या मायची लग्नाच्या वेळेपासूनची मैत्रीण, दोघी एकाच वर्षी ह्या गावात सून म्हणून आल्या. त्या गल्लीत कुणाच्या दारावर बाया रडत निघाल्या की नेहमी आपल्या घरासमोरून जायच्या, रस्ताच तो आहे. ह्या वेळी त्या मारुतीच्या मागून फिरून गेल्या. बेबाबाईला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला त्रास नको म्हणून, असं त्यांच्या मनात असेल, मी त्यांना बोल लावत नाही. मायला दुसऱ्या दिवशी पीठगिरणीत कळलं की मंजुळा गेली.

घरी येऊन ती नुसती बसली. पिठाचा डबा मांडीवर तसाच. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “मन्ही मंजुळा उगामुगा गई. आते मीबी तशीच जासू.”

मला रडू आलं. मी चुलीपाशी जाऊन रडले, तीही उगामुगा, आवाज न करता. ह्या घरात आता सगळ्यांनी तेच शिकून घेतलंय.

तू पिक्चर ‘मायसाठी’ केलास असं सगळीकडे सांगतोस. माझी हरकत नाही. फक्त आम्हाला त्याची लिंक पाठवू नको.

हेमलता


सोनगीर
१२ ऑक्टोबर २०२५

हितू,

काल तुझा पिक्चर मोबाइलवर आला आणि काल दुपारीच मायनं तो पाहिला. मी दाखवला नाही, लेकानं काय केलं ते बघायला तिनंच मागितला. भाविकाला म्हणाली, “मन्हा आंडोरनी काय करं ते माले दखाड.” भाविका सुट्टीला आली होती. तिनं मोबाइल टीव्हीला जोडला. मी अडवणार होते, मग म्हटलं, आता आणखी काय व्हायचं राहिलंय?

पिक्चर चांगला आहे. मी सरळ सांगते, कारण तुला ते ऐकायचं असणार आणि ते खरंही आहे. तुझं काम पाहून मला वाटलं नाही की हा लुगडं नेसून नाचणारा तोच माणूस. आबांचं काम केलेला माणूस खांबावरून उतरताना पाय झटकतो, ते तू लिहिलं असशील. आबा तसेच झटकायचे. माय तिथं हसली. खूप महिन्यांनी हसली.

पण शेवट तू मला सांगितला नव्हतास. दारावर रडणाऱ्या बाईचा पोरगाच शेवटी मरतो, आणि तो पोरगा तू.

भाविकानं बंद करायला हात पुढे केला. मायनं तो हात धरला. टीव्हीवर तू तिरडीवर होतास. नाकात कापूस, कपाळाला गुलाल. तू किती शांत पडला होतास रे. एरवी झोपेतसुद्धा तुझी चुळबुळ. माय पुढे सरकली आणि टीव्हीच्या अगदी समोर जाऊन बसली. मग ती नटी उंबऱ्यावर आली आणि रडायला लागली. शब्द मायचेच होते, तू लिहिलेले. पण प्रत्येक शब्दामागे ‘शे’ लावलेला आणि खालून पेटी वाजत होती. बिचारीनं जीव तोडून केलं. तिला येत नव्हतं, एवढंच.

माय म्हणाली, “आंडोरवर आसं रडतस का?”

तिनं टीव्हीतल्या नटीकडे बोट दाखवलं.

“हाई काय रडनं शे? दारमा बोट सापडनं तसं रडी ऱ्हायनी ती. मन्हा पोऱ्या आठे मरी पडना, आन तेले रडाले कोनीच नही!”

ती उठली. मला वाटलं, पाणी प्यायला चालली. ती उंबऱ्याशी गेली, खाली बसली, पदर ओढला, हात उचलला, आणि तिचा आवाज आला.

हितू, मी तुला ते लिहून देते. जसं आठवतं तसं देते. तू हे कुठं वापरशील तर वापर, आता मला काही वाटत नाही.

“ओ मन्हा हितू रे, मन्हा आंडोर रे! तू जनमले उना तवय तुन्हा बाप खांबावर व्हता रे, माले पानी द्याले कोनी नही व्हतं रे! मी तुले काखमा लई दारे दारे फिरनू रे, मन्हा पदर धरीसन तू रडनं शिकना रे! माले काय मालूम तू मन्हं रडनंच लई जाशी रे! तुन्हा बापले मी उगामुगा धाडं रे, मन्ही मंजुळाले मी उगामुगा धाडं रे! दुनियाले हसाडं रे तू, मन्हाकडे कोनी दखं नही रे! मुंबईनी खादा रे मन्हा पोऱ्या, माले मढंबी नही दिनं रे!”

भिकुबाई पळत आली. मग तिच्या मागे दोघी, मग अख्खी गल्ली. कुणीही विचारलं नाही की काय झालं. दारावर बेबाबाईचा आवाज ऐकला आणि त्या कोपऱ्यावरूनच रडत निघाल्या. माय उठून एकेकीच्या गळ्यात पडली. कुणी हसलं नाही. कुणाचा मोबाइल निघाला नाही. आबांच्या वेळी ज्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या त्या सगळ्या काल रडल्या, आणि मीही त्यांच्यात बसले आणि पोट दुखेपर्यंत रडले. तुझं नाव घेऊन रडले. खोटं रडतेय असं मला एकदाही वाटलं नाही. लहानपणी तू तापानं फणफणला होतास आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून मला डॉक्टरची नक्कल करून दाखवत होतास, ते आठवलं. तो पोरगा खरंच कुठं आहे, हितू?

बातमी पसरायला कितीसा वेळ? आज सकाळी नरडाण्याहून मायच्या माहेरच्या बाया दारावर आल्या. त्यांनी मला विचारलं, कसं झालं? मी सांगायला हवं होतं की तो ठणठणीत आहे, पिक्चर पाहून माय रडली. तोंडातून निघालं, “मुंबईला होता ना तो.” तेवढ्यावर त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही.

तुलाही फोन गेले असतील. म्हणूनच तू दुपारी मला केलास. स्वतः केलास, मॅनेजरबाईशिवाय, दीड वर्षात हे दुसऱ्यांदा. तू ओरडत होतास, अक्का, हे काय चाललंय, इथं लोक मला श्रद्धांजली वाहताहेत. मी मोबाइल मायच्या कानाला लावला. तू तिला काय म्हणालास ते तुला माहीत आहे. मलाही बाहेर ऐकू येत होतं. “माय, मी हितू. मी जित्ता शे माय, बराबर शे.” तिनं नीट ऐकून घेतलं. “जेवना का?” विचारलं. तू हो म्हणालास, उद्याच निघतो म्हणालास, रडलास. ती म्हणाली, “बरं भाऊ.”

पुढचं तुला माहीत नाही. ते सांगायलाच हे पत्र.

मोबाइल तिनं माझ्या हातात दिला. नरडाण्याच्या बायांनी विचारलं, कोन व्हतं व?

माय म्हणाली, “मुंबईना शे कोनी. मन्हा हितूना आवाज काढस. बराबर काढस.”

मग तिनं पदर पुढे ओढला आणि जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

अक्का